एक प्लेट, एक बॅटरी: भारनियमनाच्या रात्रीपुरती घरची सोलर

अनुदानावर गच्चीत बसवलेली ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली सोलर, लाईट गेली की बंद पडते. तो बिघाड नाही, तशीच ती बनवलेली असते. खांबावर चढलेल्या वायरमनला घराघरांतल्या सोलरमधून उलटा करंट लागू नये म्हणून महावितरणची लाईन गेली की तिला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि बिल कमी करायला ती सोलर उत्तम आहे. पण रात्री लाईट गेल्यावर पंखा फिरायला हवा असेल, तर बॅटरी लागतेच.

इथे सांगितलेली सोलर त्या रात्रीपुरती आहे: १०० वॅटची एक प्लेट, एक चार्ज कंट्रोलर (प्लेटकडून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारा डबा), एक बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारे दिवे नि पंखा. तिला अनुदान नाही. आणि एक अट पक्की: या सोलरची वायर घरच्या लाईटच्या फिटिंगला कुठेही जोडायची नाही. इन्व्हर्टरचा प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर लाईट देण्याचा प्रकार काही जण करतात. त्यातून लाईनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. सोलरचे दिवे वेगळे, वायर वेगळी, बटणं वेगळी.

आधी रात्रीचा हिशेब

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि लाईट नसताना काय काय चालायला हवं ते लिहा. वॅट गुणिले तास, एवढाच हिशेब आहे. एका खोलीच्या घराचं उदाहरण:

७ वॅटचे दोन एलईडी दिवे, ५ तास: ७० वॅट-तास
२८ वॅटचा डीसी पंखा, ५ तास: १४० वॅट-तास
दोन मोबाइल: साधारण ३० वॅट-तास

एकूण २४०. आता प्लेट किती देते ते पाहू. महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर दिवसाला साधारण ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. पण १०० वॅटची प्लेट साध्या कंट्रोलरवर प्रत्यक्षात ६५ वॅटच्या आसपास देते, का ते पुढे येईल. म्हणजे दिवसाला ३२५ वॅट-तास बॅटरीत जातात. लेड-ॲसिड बॅटरी त्यातले साधारण ८० टक्के परत देते, म्हणजे २६०. आपली गरज २४०. जमलं, पण जेमतेम. या यादीत मिक्सर, फ्रिज किंवा इस्त्री घालायचा मोह आवरा. एकटी इस्त्री १,००० वॅटची असते.

पंखा घेताना फसगत होते ती इथे. खोक्यावर ‘बीएलडीसी’ लिहिलेले बहुतेक पंखे २३० व्होल्टचे असतात. वीज ते कमी खातात, पण थेट बॅटरीवर चालत नाहीत. तुम्हाला ‘१२ व्होल्ट डीसी’ पंखा हवा आणि त्याने १५ व्होल्टपर्यंत सोसायला हवं, कारण चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते. घरचा वायफाय राऊटर १२ व्होल्टचा दिसला तरी थेट जोडू नका, मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर टाका.

प्लेट

मागच्या लेबलवरचे चार आकडे वाचा. १०० वॅटच्या, ३६ सेलच्या प्लेटवर ते साधारण असे असतात: चालू स्थितीतला व्होल्टेज १८, करंट ५.५ अँपिअर, काहीही न जोडता व्होल्टेज २२, आणि शॉर्ट सर्किट करंट ६ अँपिअर. १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या कंट्रोलरवर हीच प्लेट चालते.

‘५४० वॅटची एकच मोठी प्लेट घ्या, वॅटमागे स्वस्त पडते’ असा सल्ला दुकानात मिळेल. वॅटमागे ती स्वस्त असते हे खरंच. पण तिचा व्होल्टेज ४१ च्या आसपास आणि करंट १३ अँपिअर असतो. साधा कंट्रोलर प्लेटला खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, त्यामुळे तिथे १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, म्हणजे १७० वॅटच मिळतात. उरलेले ३७० वॅट फुकट गेले. तिला चांगला एमपीपीटी कंट्रोलर (प्लेटचा जास्तीचा व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा) लागतो, आणि मग ही छोटी सुरुवात राहत नाही.

विकत घेतानाच तपासून घ्या. दुकानाबाहेर उन्हात प्लेट धरा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा: २० ते २२ दिसायला हवेत. मग लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात टाकून, मीटर डीसी अँपिअरवर लावून प्लेटच्या दोन वायरींना दोन प्रोब दोन-तीन सेकंद टेकवा. कडक उन्हात सूर्याकडे तोंड केलेली प्लेट ५.५ ते ६ अँपिअर दाखवेल. ३ दाखवत असेल तर लेबलावर १०० असलं तरी माल १०० चा नाही. मोजून झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. तो अँपिअरमध्ये विसरून पुढे बॅटरीला टेकवला, तर मीटरचा फ्यूज उडतो, कधी मीटरच जातो.

बॅटरी, जिथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात

गाडीची जुनी बॅटरी वापरू नका. तिच्या आतल्या प्लेट पातळ असतात, इंजिनला क्षणभर दणका देण्यासाठी बनवलेल्या. रोज रात्री अर्धी उपसली की काही महिन्यांत ती बसते.

इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) घरात पडून आहे म्हणून तिलाच १०० वॅटची प्लेट जोडणं ही दुसरी चूक. ‘मोठी बॅटरी, जास्त बॅकअप’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण लेड-ॲसिड बॅटरीला तिच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा करंट लागतो, म्हणजे इथे १५ अँपिअर. प्लेट देते ५.५. ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. वर्षभरात चांगली बॅटरी निकामी होते आणि दोष सोलरला मिळतो.

आपल्या हिशेबाला दोन पर्याय आहेत. पहिला, १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची सोलर ट्युब्युलर: ४८० वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे २४०. दुसरा, १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट: ३८४ वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरता येतात, म्हणजे ३००च्या वर. लिथियम महाग पडते, पण हलकी असते, पाणी मागत नाही आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही. घरात लहान मुलं असतील आणि बॅटरी राहत्या खोलीतच ठेवावी लागणार असेल, तर आमचं मत सरळ लिथियमच्या बाजूने. लेड-ॲसिडमधून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. ती हवेशीर जागी, लाकडी फळीवर, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब हवी. टॉपअपला फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, ॲसिड तर नाहीच.

कंट्रोलर

१०० वॅटला पीडब्ल्यूएम प्रकारचा, म्हणजे वर म्हटलेला साधा कंट्रोलर पुरतो. तो प्लेटचे ५.५ अँपिअर तसेच बॅटरीकडे सोडतो, पण १३ व्होल्टवर, म्हणजे साधारण ७२ वॅट. धूळ आणि वायर त्यातलं थोडं खातात आणि वर म्हटलेले ६५ उरतात. १० अँपिअरचा चालेल, पण २० चा घ्या. पुढे तशीच दुसरी प्लेट समांतर जोडली की ११ अँपिअर होतात आणि कंट्रोलर बदलावा लागत नाही. फार स्वस्त कंट्रोलरवर ‘एमपीपीटी’ छापलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. खऱ्या एमपीपीटीत जड कॉइल असते, हातात घेतल्यावर वजन कळतं.

लिथियम घेतली असेल तर कंट्रोलरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे की नाही ते आधी पाहा. नसेल तर ईक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद करता यायला हवं आणि चार्जिंग १४.४ व्होल्टवर थांबायला हवं. यामागचं कारण गंभीर आहे. व्होल्टेज फार चढला की लिथियमच्या आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, बॅटरी तोडतं. त्या क्षणी कंट्रोलरला समोर बॅटरी दिसत नाही, मागे प्लेट तर चालूच, आणि काही स्वस्त कंट्रोलर प्लेटचे २० व्होल्ट सरळ दिव्यांकडे ढकलतात. एका दुपारी सगळे दिवे एकदम गेले, तर संशय इथे घ्या.

वायर

सोलर नीट चालत नाही अशा तक्रारींत प्लेट बहुधा चांगली असते, वायर बारीक असते. १२ व्होल्टवर अर्धा व्होल्ट गळणं म्हणजे काय, हे २३० व्होल्टची सवय असलेल्या हाताला पटकन जाणवत नाही. म्हणून एकदा आकडे घालून पाहा.

प्लेट गच्चीवर, कंट्रोलर खाली, अंतर १० मीटर. करंट जातो आणि येतो, म्हणून तांब्याची वायर २० मीटर. घरात वापरली जाते ती १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर ५.५ अँपिअरला १.२८ व्होल्ट वायरीत जातात. १८ मधून १.२८ गेले तर काय बिघडलं? डिसेंबरात काहीच नाही. पण मे महिन्याच्या दुपारी प्लेटचे सेल ६५ अंशांपर्यंत तापतात आणि तापलेल्या प्लेटचा व्होल्टेज पडतो. १८ चे १५ च्या आसपास होतात. त्यातून वायरीचे १.२८ वजा केले की कंट्रोलरपाशी १३.८ उरतात, आणि लेड-ॲसिडला पूर्ण भरायला हवेत १४.४. ऐन उन्हाळ्यात, ऊन सर्वांत कडक असताना, बॅटरी शेवटच्या टप्प्यात रेंगाळते ती यामुळे. हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असती तर अर्ध्या व्होल्टच्या आत काम झालं असतं.

तेव्हा प्लेट ते कंट्रोलर ४ चौरस मिलिमीटरची डीसी सोलर केबल घ्या. तिचं वरचं आवरण उन्हात तडकत नाही, साध्या वायरीचं दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. कंट्रोलर ते बॅटरीही ४ चौरस मिलिमीटर, पण जेमतेम एक मीटर: कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजून बॅटरी भरली की नाही ते ठरवतो, म्हणून तो बॅटरीच्या शेजारीच हवा. लांब वायर प्लेटच्या बाजूला राहू द्या. दिव्यांना १.५ आणि पंख्याला २.५ पुरते.

जोड पिळून वर टेप गुंडाळायची सवय इथे सोडा. प्रत्येक टोकाला लग किंवा फेरूल (धातूचं टोपण) लावून क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं, जोडाचा रोध वाढतो आणि जोड तापतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा, १५ अँपिअरचा. तो बॅटरी वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. शॉर्ट झाला तर छोटी बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर सोडते आणि तेवढ्यात वायर लाल होते. प्लेटच्या बाजूने ६ अँपिअरच्या वर येऊच शकत नाही, म्हणून एका प्लेटला तिथे फ्यूजची गरज नाही. पण बंद-चालू करायला डीसी एमसीबी जरूर लावा. घरातली एसी एमसीबी तिथे वापरू नका. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून तिच्यातली ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही आणि ठिणगी लांबत जाते.

प्लेट बसवणं

तोंड दक्षिणेला, कल आपल्या अक्षांशाएवढा: पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. कोन मोजायचं साधन नको. एक मीटर लांबीची प्लेट उभी कललेली असेल, तर तिची मागची कड पुढच्यापेक्षा पुण्यात ३२ सेंटिमीटर आणि नागपुरात ३६ सेंटिमीटर उंच ठेवा. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. सावली मात्र चालत नाही. ३६ सेलच्या प्लेटमध्ये बहुधा दोनच बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात, त्यामुळे डिश अँटेनाची हातभर सावलीसुद्धा अर्धी प्लेट बंद पाडते, आणि अर्ध्या प्लेटच्या ९ व्होल्टवर १२ व्होल्टची बॅटरी चार्जच होत नाही.

सावली मे महिन्यात तपासून फसू नका. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच महिन्यातला. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवरच असतो आणि मीटरभर उंच कठडा सुमारे ९० सेंटिमीटर सावली टाकतो. दक्षिणेकडचा कठडा, पाण्याची टाकी, शेजारचा नारळ, सगळं डिसेंबरच्या हिशेबाने पाहा.

स्लॅबला भोकं पाडली की पुढच्या पावसाळ्यात गळती ठरलेली. त्यापेक्षा रंगाच्या रिकाम्या १० लिटरच्या डब्यांत काँक्रीट भरा आणि ओलं असतानाच त्यात अँगलचा पाय रोवा. एक डबा साधारण २४ किलोचा होतो, चार डबे म्हणजे ९६ किलो. ताशी १०० किलोमीटरचा वारा एवढ्या प्लेटवर तीस-चाळीस किलोचा जोर लावतो, त्याला हे वजन पुरतं. चार विटा ठेवून मोकळं होऊ नका. वळवाच्या वाऱ्यात उडालेली प्लेट शेजारच्या अंगणात कोणाच्या तरी डोक्यात बसू शकते. पत्र्याच्या छपरावर प्लेट चिकटवून न लावता खाली १०-१५ सेंटिमीटर हवा खेळू द्या. फ्रेमला हिरवी वायर लावून अर्थिंग करा.

जोडण्याचा क्रम

प्लेटला बंद करायचं बटण नसतं, ऊन पडलं की ती चालू. म्हणून वायरिंग संपेपर्यंत तिच्यावर जाड गोधडी टाका.

१. डीसी एमसीबी बंद, फ्यूज काढलेला.
२. बॅटरी ते कंट्रोलर: आधी वायर कंट्रोलरला, मग बॅटरीला, शेवटी फ्यूज. डिस्प्ले उजळेल. तिथे १२ व्होल्ट आणि बॅटरीचा योग्य प्रकार निवडा.
३. प्लेटची वायर कंट्रोलरला. जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा, वायरीच्या रंगावर जाऊ नका.
४. दिवे आणि पंखा लोडच्या टर्मिनलला.
५. गोधडी काढा, एमसीबी चालू करा.

बॅटरी आधी, कारण कंट्रोलर तिच्यावरून १२ की २४ व्होल्ट ते ओळखतो. बॅटरीशिवाय प्लेट जोडली तर त्याच्या अंगावर थेट २२ व्होल्ट येतात. काढताना उलटं: आधी प्लेट, शेवटी बॅटरी. प्लेटच्या वायरींचे एमसी-फोर कनेक्टर करंट चालू असताना ओढू नका, आत ठिणगी पडून ते जळतात. आणि पुढे छोटा इन्व्हर्टर घेतलात तर तो कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला नाही, वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीला जोडा. ३०० वॅटचा इन्व्हर्टर बॅटरीतून ३० अँपिअरच्या जवळपास ओढतो, त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायरही पुरणार नाही.

पहिला आठवडा

भर दुपारी, बॅटरी रिकामी असताना, डिस्प्लेवर ५ अँपिअरच्या आसपास दिसायला हवेत. बॅटरी भरत आली की आकडा घसरतो. तो बिघाड नसतो, घाबरून जाऊ नका. रिकाम्या बॅटरीला दोनच अँपिअर जात असतील तर आधी सावली पाहा, मग धूळ, मग एमसी-फोरचे जोड हाताने चाचपून कुठला गरम लागतो ते.

लेड-ॲसिडची स्थिती सकाळी ऊन यायच्या आत, दिवे बंद करून अर्ध्या तासाने मोजा. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी. ११.९ च्या खाली रोज जात असेल तर तुम्ही बॅटरी मारताय. कंट्रोलरचा लोड तोडण्याचा आकडा कारखान्यातून बरेचदा ११ च्या आसपास ठेवलेला असतो, तो ११.८ करा. दिवे थोडे लवकर जातील, बॅटरी वाचेल. लिथियमचं व्होल्टवरून कळत नाही: १३.२ दिसत असताना ती ७० टक्के भरलेली असू शकते किंवा ४० टक्के. तिला अँपिअर-अवर मोजणारा मीटर लावा.

प्लेट पुसायची ती पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी वापरलंत तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो.

जुलै-ऑगस्टात प्लेट निम्म्यावर येईल, सलग झडीच्या दिवसांत त्याहून खाली. तेव्हा पंखा बंद ठेवा, दिवे आणि मोबाइल एवढ्यावर भागवा. लेड-ॲसिड असेल तर आठवड्यातून एकदा, लाईट असताना, लाईटवर चालणाऱ्या बॅटरी चार्जरवर ती पूर्ण भरून घ्या. त्या वेळी प्लेटची एमसीबी बंद असू द्या. वीज कडाडायला लागली की तीच एमसीबी आधी खाली करा.